राखेचेंच इंधन

एका वाचक भगिनीचें पत्र आलें आहे. त्या लिहितात, "अणुभट्टींत युरेनियमचें इंधन जळतें असें आम्ही नेहमीं वाचतों. चुलींत लांकूड जळलें कीं राख उरते, बंबांत कोळसा जळला कीं राख उरते. मग या युरेनियमची राख कोणती, आणि भट्टीवाले ती कोठें टाकतात?" पत्रोत्तरांत दोन ओळींनीं वाटेस लावावा असा हा प्रश्न नाहीं, म्हणून या महिन्याचें सदर त्यालाच दिलें आहे. उत्तर प्रथमच सांगून टाकतों. आजच्या बहुतेक वीज देणाऱ्या अणुभट्ट्यांत इंधन म्हणून जें घालतात तीच राख होय. हें विधान विनोदानें केलेलें नाहीं. धातुरूपांतील युरेनियम तापलेल्या हवेंत अक्षरशः जळतें, तसें तें एकदां मोठ्या प्रमाणावर जळलेंही आहे. आणि वीजभट्ट्या बांधणारांपैकीं बहुतेकांनीं युरेनियम आधींच 'जाळून' मग भट्टींत घालण्याचा मार्ग पत्करला आहे.

'जळणें' या एका शब्दाखालीं येथें दोन भिन्न क्रिया एकत्र आल्या आहेत, त्यांची प्रथम फोड करूं. संस्कृत 'इन्ध्' म्हणजे पेटविणें, त्यावरून इंधन. जें पेटतें तें हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावतें, व त्या संयोगांत उष्णता बाहेर पडते. लांकडाचें पेटणें, लोखंडी तव्याचें गंजणें आणि तापलेल्या तांब्याच्या भांड्यावर काळें पुट चढणें हीं तिन्हीं एकाच जातीचीं कर्में. भेद मुख्यतः वेगाचा. आमच्या रसशास्त्रकारांनीं धातूचें भस्म करण्याच्या क्रियेला 'मारण' असें नांव दिलें होतें, आणि वैद्य लोहभस्म म्हणून जें देतात तें मुख्यतः लोखंड व प्राणवायु यांचें संयुगच असतें. रसायनवेत्ते त्याला ऑक्साइड म्हणतात. या लेखांत मी भस्म हाच शब्द योजणार आहें.

अणुभट्टींतील मुख्य क्रिया याहून सर्वस्वीं निराळी. तेथें युरेनियमच्या अणूचा गाभाच न्यूट्रॉनच्या आघातानें दुभंगतो. प्राणवायूचा त्याशीं कांहींएक संबंध नाहीं. एक किलो युरेनियम हवेंत जाळलें तर एक किलो चांगल्या कोळशाच्या सुमारें सहाव्या हिश्शाइतकी उष्णता मिळते. त्याच किलोचे सर्व अणु दुभंगले तर अडीच-तीन हजार टन कोळशाइतकी. भट्टी चालविणाराला हा दुसरा अग्नि हवा असतो. पहिला, म्हणजे आपल्या चुलींतला ओळखीचा अग्नि, त्याला मुळींच नको असतो. अडचण ही कीं, दुसरा जी उष्णता देतो तिनेंच पहिल्यानें पेट घेण्याची भीति.

युरेनियम आणि त्याचें भस्म यांची गफलत करण्याची परंपरा मात्र जुनी व प्रतिष्ठित आहे. १७८९ सालीं बर्लिनच्या क्लाप्रोथ या रसायनशास्त्रज्ञानें पिचब्लेंड नांवाच्या काळ्या जड खनिजांतून एक काळी भुकटी काढली, आणि तो नवा धातु आहे असें समजून १७८१ मध्यें सांपडलेल्या युरेनस ग्रहावरून त्याला युरेनियम हें नांव दिलें. पुढें ५२ वर्षें ती भुकटी धातु म्हणून नांदली. १८४१ मध्यें पेलिगो या फ्रेंच शास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं हा धातु नसून धातूचें भस्म आहे. युरेनियमच्या क्लोराइडवर पोटॅशियमची क्रिया करून त्यानें खरा धातु प्रथमच वेगळा केला. क्लाप्रोथला बोल लावण्याचें कारण नाहीं. त्यानें आपलें द्रव्य कोळशाबरोबर तापविलें होतें, आणि लोखंडाचें भस्म कोळशाबरोबर तापविलें कीं धातु परत मिळतो, तसाच येथेंही मिळाला असें त्याला वाटलें. रसशास्त्राच्या ग्रंथांत उत्तम भस्माची एक कसोटी 'अपुनर्भव' अशी सांगितली आहे. ठराविक द्रव्यांबरोबर पुनः तापविलें असतांही जें धातुरूपास येत नाहीं तें अपुनर्भव. क्लाप्रोथच्या मुशींत युरेनियमचें भस्म या कसोटीस उतरलें. एकदां धरलेला प्राणवायु तें सहसा सोडीत नाहीं, आणि पुढची सारी कथा या एका गुणावर उभी आहे.

तापलेल्या वायूंत धातूचा पृष्ठभाग प्रथम भस्माच्या पातळ पापुद्र्यानें झांकला जातो. पुढें काय होणार हें त्या पापुद्र्यावर अवलंबून. ज्या घरांत विस्तव विझूं देत नसत तेथील वडील बायकांना हें पुस्तकावांचून ठाऊक होतें. रात्रीं निखारे राखेनें नीट झांकले कीं ते सावकाश धुमसत राहतात आणि पहाटे फुंकर घालावयाला विस्तव तयार मिळतो. कारण प्राणवायूला राखेंतून वाट काढीत आंत जावें लागतें. ॲल्युमिनियमच्या पातेल्याचें आयुष्य अशाच एका डोळ्यांना न दिसणाऱ्या पापुद्र्यावर आहे. १९२३ सालीं पिलिंग व बेडवर्थ या दोघांनीं यांतील एक सोपी मेख दाखविली. धातूनें जेवढी जागा व्यापिली होती तिच्या मानानें त्याच्या भस्माला किती जागा लागते तें पाहावें. कमी लागली तर भस्म अपुरें पडतें, अंगाला आंखूड झालेल्या बंडीप्रमाणें, आणि मधून मधून धातु उघडा राहतो. मॅग्नेशियमची ही तऱ्हा. थोडी अधिक लागली तर पापुद्रा घट्ट बसतो. ॲल्युमिनियमच्या भस्माला सुमारें सव्वापट जागा लागते. परंतु फारच अधिक लागली तर पापुद्रा आपल्याच दाटीनें फुगतो, तडकतो व गळून पडतो. युरेनियमचें भस्म मूळ धातूच्या जवळजवळ दुप्पट जागा मागतें. त्यामुळें त्याच्यावरची राख निखाऱ्यावरच्या राखेसारखी स्वस्थ बसत नाहीं. ती तडकत राहते, खालचा धातु उघडा पडत राहतो, आणि वायूला रोज नवें अंगण मोकळें मिळतें.

वायु कोणता, यालाही तितकेंच महत्त्व आहे. कोरड्या हवेपेक्षां दमट हवा युरेनियमला लवकर खाते. निव्वळ वाफेंत तर धातु पाण्यांतला प्राणवायु ओढून घेतो व हायड्रोजन मोकळा सोडतो. या हायड्रोजनाशीं युरेनियमचा संयोग होऊन जी काळी भुकटी बनते ती हवेंत येतांच आपोआप पेट घेऊं शकते. धातूचा ठोकळा नेहमींच्या तपमानाला नुसता काळवंडून राहील, पण त्याच धातूचा लेथवर निघालेला बारीक कीस ठिणगी न पडतांही पेटूं शकतो.

हें सारें पुस्तकांतच राहिलें असतें तर बरें होतें. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, आयरिश समुद्राच्या कांठीं, विंडस्केल येथें दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिश सरकारनें दोन भट्ट्या उभारल्या. त्यांचें काम वीज देण्याचें नव्हतें. अणुबाँबकरितां प्लुटोनियम तयार करावयाचें होतें. प्रत्येकींत सुमारें २,००० टन ग्राफाइटचा, म्हणजे शुद्ध कर्बाचा, अजस्र ठोकळा. त्यांत आरपार आडवीं भोकें. भोकांत ॲल्युमिनियमच्या कवचांत बंद केलेल्या युरेनियम धातूच्या कांड्या. या कांड्या थंड ठेवण्यास वायु कोणता योजला? साधी बाहेरची हवा. प्रचंड पंख्यांनीं ती भोकांतून ढकलावयाची आणि चारशें फूट उंच धुराड्यांतून सोडून द्यावयाची. घाई होती, आणि १९४६ च्या कायद्यानें अमेरिकेनें आपलें ज्ञान देण्याचें बंद केलें होतें. इतिहासकार हीं कारणें सांगतात व तीं खरींही आहेत. तरी पेटणारा धातु, कर्बाचा ठोकळा आणि वर भाता ही मांडणी गांवच्या लोहारानें पाहिली असती तर त्याच्या काळजांत चर्र झालें असतें असें मला वाटतें.

एका माणसानें मात्र धुराड्यांविषयीं हट्ट धरला. जॉन कॉक्रॉफ्ट हे १९५१ चें नोबेल पारितोषिक मिळविणारे पदार्थविज्ञानवेत्ते. धुराड्यांचें बांधकाम चालू झाल्यावर त्यांनीं माथ्यावर गाळण्या बसविण्याचा आग्रह केला. एवढ्या उंचीवर एवढें ओझें चढवावें लागल्यामुळें त्या गाळण्यांना लोक 'कॉक्रॉफ्टचा मूर्खपणा' म्हणूं लागले.

न्यूट्रॉनच्या माऱ्यानें ग्राफाइटमधील कर्बाचे अणु जागचे हलतात व त्यांत एक प्रकारची शक्ति कोंडून राहते. ठोकळा मुद्दाम थोडा तापवून ती वेळोवेळीं मोकळी करावी लागे. १९५७ च्या ऑक्टोबरच्या ७ तारखेस पहिल्या भट्टींत हें काम सुरू झालें. ग्राफाइट पुरेसें तापत नाहीं असें वाटून दुसऱ्या दिवशीं पुनः उष्णता देण्यांत आली. आंत कोठें तरी एक कवच फुटलें व धातु हवेला उघडा पडला. प्रथम फुटली ती युरेनियमची कांडी कीं शेजारची लिथियम-मॅग्नेशियमची, यावर तज्ज्ञांचें एकमत झालेलें नाहीं. १० तारखेस, गुरुवारीं, तपमान उतरावयाचें तें चढूं लागलें, तेव्हां भट्टी थंड व्हावी म्हणून अधिक हवा सोडण्यांत आली. चुलीशीं फुंकणी धरल्यावर जें होतें तेंच झालें. दुपारीं एक बूच काढून पाहतात तों आंतल्या कांड्या लालबुंद.

त्या रात्रीं माणसांनीं लांब लोखंडी दांड्यांनीं जळत्या कांड्या ढकलून पाडण्याचा प्रयत्न केला. फुगलेल्या कांड्या भोकांत घट्ट बसल्या होत्या. दांड्यांचीं टोकें तापून लाल होऊन बाहेर येत. तेव्हां आगीच्या भोंवतालचीं भोकें रिकामीं करून तिला पसरण्यास वाव राहूं नये अशी तजवीज करण्यांत आली. शेजारच्या कॅल्डर हॉल वीजकेंद्रासाठीं आणलेला सुमारें २५ टन द्रव कार्बन डायऑक्साइड हाताशीं होता. आग विझविण्याचा हा प्रसिद्ध वायु. तोही भट्टींत सोडण्यांत आला. उपयोग झाला नाहीं.

येथें शाळेंतील एक प्रयोग आठवावा. कार्बन डायऑक्साइडनें भरलेल्या बरणींत जळती मेणबत्ती उतरविली तर ती तत्काळ विझते, आणि मुलें समजलें म्हणून माना डोलावतात. मग शिक्षक मॅग्नेशियमची पेटती फीत त्याच बरणींत धरतात. ती विझत नाहीं. तडतडत जळत राहते, आणि शेवटीं बरणीच्या तळाशीं पांढऱ्या भस्मांत कर्बाचे काळे कण दिसतात. मी संस्कृतचा शिक्षक. परंतु हा तास असला व मला सवड असली कीं मी त्या वर्गाच्या दारांत उभा राहत असें. विझविणारा वायुच जाळूं लागलेला पाहून मुलांच्या चेहऱ्यांवर जो गोंधळ उमटे, तो मला न्यायशास्त्राच्या कित्येक पाठांहून मोलाचा वाटे. कार्बन डायऑक्साइडमध्यें प्राणवायु आहेच. फक्त तो कर्बानें घट्ट धरलेला आहे. मेणाला ती मूठ उघडतां येत नाहीं. मॅग्नेशियमला येते, आणि युरेनियमलाही येते. भट्टीच्या पोटांत तपमान सुमारें १,३०० अंश सेंटिग्रेडपर्यंत चढलें होतें. तशा धातूला तो वायु म्हणजे आणखी एक शिधाच.

उरलें पाणी. वितळत्या धातूवर पाणी म्हणजे हायड्रोजन, आणि हवेंत मिसळलेला हायड्रोजन म्हणजे स्फोटाची भीति. तरी दुसरा उपाय राहिला नव्हता. ११ तारखेच्या सकाळीं नऊच्या सुमारास पाणी सुरू करण्यांत आलें. स्फोट झाला नाहीं, पण आगही हटली नाहीं. तेथील अधिकारी टॉम टुओही हे रात्रभर पुनः पुनः भट्टीच्या माथ्यावर चढून झरोक्यांतून ज्वाळांचा रंग पाहत होते. पाणी सोडून तासभर झाल्यावर त्यांनीं पंखे बंद करविले. मग ज्वाळा पाहतां पाहतां खालीं बसल्या. पाणी पुढें दुसऱ्या दिवसापर्यंत चालू ठेवावें लागलें. परंतु आगीचा जोर मोडला तो हवा तुटल्यावर.

कॉक्रॉफ्टच्या गाळण्यांनीं भस्माची बरीचशी धूळ अडविली. वायुरूप किरणोत्सर्गी आयोडिन मात्र त्यांतून निसटलें, गवतावर बसलें, आणि गाईंच्या मार्गानें दुधांत उतरलें. आयोडिन लहान मुलांच्या गळ्यांतील ग्रंथींत जाऊन सांठतें, म्हणून सुमारें ५०० चौरस किलोमीटर टापूंतलें दूध कित्येक आठवडे ओतून टाकावें लागलें. ज्या शेतकऱ्यानें भट्टी आंतून कधीं पाहिली नाहीं त्याच्या गोठ्यापर्यंत एका फुटक्या कवचाची गोष्ट अशी पोंचली. विल्यम पेनी यांच्या चौकशीचा संपूर्ण अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनीं दाबून ठेवला. तो १९८८ सालीं लोकांपुढें आला. ज्यांच्या मुलांचें दूध ओतलें गेलें त्यांना तीस वर्षें थांबावयास लावणें हें मला आगीहून कमी निंद्य वाटत नाहीं. त्या दोन्ही भट्ट्या पुनः कधीं पेटविल्या गेल्या नाहींत.

वर उल्लेखिलेलें कॅल्डर हॉल १९५६ सालीं सुरू झालें होतें, आणि तेथें इंधन धातुरूप युरेनियमच होतें. थंड करणारा वायु मात्र बदलला होता: बंद नळ्यांतून फिरणारा कार्बन डायऑक्साइड. कांड्यांवरचें कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचें. बरणींत जळणारें तें हेंच मॅग्नेशियम ना, असें वाचक विचारतील. हेंच, पण त्यांत थोडें ॲल्युमिनियम मिसळलेलें असे व तपमान आगीच्या पातळीपासून पुष्कळ खालीं राखलेलें असे. त्या मर्यादेंत हा वायु निरुपद्रवी. या जातीची शेवटची ब्रिटिश भट्टी, वेल्सच्या किनाऱ्यावरील विल्फा, २०१५ च्या डिसेंबरांत बंद झाली. म्हणजे मर्यादा पाळून ही पद्धति जवळजवळ साठ वर्षें चालली.

इतरांनीं मात्र दुसरा मार्ग धरला. जें जळून गेलें आहे तें पुनः काय जळणार? युरेनियमच्या एका अणूस प्राणवायूचे दोन अणु लाभले म्हणजे जें काळसर भस्म होतें तें गरम पाण्याला व वाफेला जवळजवळ उदासीन असतें. धातु १,१३२ अंशांना वितळतो, भस्म सुमारें २,८५० अंशांना. या फायद्याची किंमत मोजावी लागते ती अशी कीं, भस्मांतून उष्णता नीट वाहत नाहीं, आणि तेवढ्याच जागेंत युरेनियमचे अणु कमी मावतात. तरी आगीच्या दृष्टीनें सौदा फायद्याचा. या भस्माच्या, खडूच्या तुकड्याएवढ्या वड्या दाबून करतात आणि सुमारें १,७०० अंशांच्या भट्टींत भाजतात. ती भट्टी हायड्रोजन वायूनें भरलेली असते. हवेंत भाजल्या तर वड्या आणखी प्राणवायु घेऊन बिघडतील, आणि हायड्रोजन असला कीं अधिक घेतलेला प्राणवायु तो काढून नेतो. १९६९ सालीं चालू झालेल्या आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्यांत याच जातीच्या वड्या होत्या. मुंबईजवळ तुर्भे येथें १९६० पासून २०१० पर्यंत चाललेल्या सायरस भट्टींत मात्र ॲल्युमिनियमच्या कवचांतलें धातुरूप युरेनियम असे. तिला वाफ करावयाची नव्हती, तिच्यांतून थंड पाणी खेळत असे, म्हणून तें चालून गेलें.

आतां त्या भगिनींच्या प्रश्नाचा उत्तरार्ध. वापरलेल्या वड्यांत दुभंगलेल्या अणूंचे तुकडे सांठलेले असतात. तीच दुसऱ्या अग्नीची राख म्हणावयाची. ती वड्यांतच, वड्या नळ्यांत, आणि नळ्या प्रथम कित्येक वर्षें पाण्याच्या खोल हौदांत ठेवतात. पुढें कित्येक देशांत त्या कोरड्या जाड पिंपांत हलवितात, आणि पिंपांत हवा न ठेवतां हीलियम वायु भरतात. याचें कारण असें कीं, ही राखही अगदीं निःशेष जळलेली नसते. तीनशें-साडेतीनशें अंशांच्या हवेंत ती आणखी प्राणवायु घेऊं लागते. आरंभीं वडी किंचित आकसते, म्हणून वरवर पाहणाराला कांहींच घडत नाहींसें वाटतें. मग युरेनियमच्या तीन अणूंमागें प्राणवायूचे आठ अणु असें नवें भस्म बनूं लागतें, त्याला पूर्वींपेक्षां ३६ टक्के अधिक जागा लागते, आणि दगडासारख्या वडीचें पाहतां पाहतां पीठ होतें. नळीला सुईच्या अग्राएवढें छिद्र असलें तरी आंत फुगणारें पीठ तिला उभी चिरीत नेतें. हीलियम कोणाशींच संयोग पावत नाहीं. निरिच्छपणा हाच त्याचा उपयोग. हेंच फुगणें जाणून बुजून उपयोगांतही आणतां येतें. वापरलेल्या वड्या सुमारें पांचशें अंशांवर प्राणवायूंत तापवून त्यांचें पीठ केलें म्हणजे त्या नळीपासून सुटतात आणि आंत अडकलेले कांहीं वायु आधींच निघून जातात.

इंधनाचा प्रश्न असा बराच सुटला, पण धोका घर बदलून नळीच्या अंगीं गेला. या नळ्या जिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण जिर्कोनियम न्यूट्रॉन फार थोडे गिळतें. नेहमींच्या कामांत नळीचें अंग तीनशें-साडेतीनशें अंशांवर असतें आणि तिच्यावर भस्माचा घट्ट पापुद्रा बसतो. त्याला धातूच्या दीडपटीहून थोडी अधिक जागा लागते व तो चांगला चिकटून राहतो. येथवर निखाऱ्यावरची राख आपलें काम करते. परंतु पाणी आटलें व नळ्या वाफेंत उघड्या पडल्या तर तपमान चढूं लागतें. हजार अंशांच्या पुढें जिर्कोनियम वाफेंतला प्राणवायु झपाट्यानें ओढतें, त्या संयोगाचीच उष्णता तपमान आणखी चढविते, आणि चढलेलें तपमान संयोगाचा वेग वाढवितें. एक किलो जिर्कोनियम पुरें जळलें तर जवळजवळ अर्धा घनमीटर हायड्रोजन सुटतो. आणि मोठ्या भट्टींत असे कित्येक हजार किलो असतात. अमेरिकेंत १९७४ पासून असा नियम आहे कीं, कोणत्याही कल्पिलेल्या अपघातांत नळीचें तपमान १,२०४ अंशांवर जातां कामा नये आणि नळीच्या जाडीच्या १७ टक्क्यांहून अधिक धातूचें भस्म होतां कामा नये.

२८ मार्च १९७९ रोजीं पेन्सिल्व्हानियांतील थ्री माइल आयलंड येथें ही मर्यादा ओलांडली गेली. भट्टीचा सुमारें अर्धा गाभा वितळला व सुटलेला हायड्रोजन इमारतींत पेटला. इमारत भक्कम होती म्हणून टिकली. ११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर व समुद्राच्या लाटेनंतर जपानांत फुकुशिमाच्या भट्ट्यांत पाणी आटलें, तेव्हां तसा टिकाव लागला नाहीं. १२ तारखेस पहिल्या भट्टीची इमारत, १४ तारखेस तिसरीची आणि १५ तारखेस चौथीची हायड्रोजनच्या स्फोटानें उडाली. चौथींत तर इंधन भट्टीबाहेर, हौदांत होतें. हायड्रोजन तिच्यांत शेजारच्या तिसरींतून नळांवाटे शिरला होता. छपरें उडालेल्या इमारतींचीं तीं छायाचित्रें ज्यांनीं पाहिलीं त्यांतील पुष्कळांना तो अणुबाँबसारखा स्फोट वाटला. तो हायड्रोजन निघाला तप्त धातु आणि वाफ यांच्या संयोगांतून. अणूच्या दुभंगण्याचा त्या स्फोटांत हात नव्हता.

त्याहून लहान पण अधिक बोलका अपघात हंगेरींतील पाक्श येथें १० एप्रिल २००३ रोजीं झाला. तीस इंधनजुड्या भट्टीबाहेर, पाण्याखालीं बुडविलेल्या एका टाकींत धुवावयास ठेवल्या होत्या. टाकींतला प्रवाह अपुरा पडला, आंत वाफ कोंडली, आणि कांहीं तास नळ्या त्या वाफेंत तापून निघाल्या. भस्म झालेली नळी बाहेरून धड दिसते. आंतून ती ठिसूळ कांच झालेली असते. झांकण उघडतांच थंड पाणी आंत घुसलें, आणि तापल्या कांचेच्या पेल्यावर पाणी ओतावें तशा नळ्या फुटून गेल्या.

फुकुशिमानंतर या नळ्यांचा विचार नव्यानें सुरू झाला. जिर्कोनियमवर क्रोमियमचा एक-दोन शतांश मिलिमीटर जाडीचा लेप चढवावयाचा, हा त्यांतला सर्वांत पुढें गेलेला उपाय. पितळी पातेल्याला आपण कल्हई करतों त्यांतलाच हा प्रकार: खालचें भांडें तेंच, फक्त पदार्थाशीं त्याची गांठ पडूं द्यावयाची नाहीं. क्रोमियमचें भस्म वाफेंत फार सावकाश वाढतें, म्हणून उष्णता व हायड्रोजन दोन्ही कमी सुटतात आणि पाणी परत आणण्यास माणसांना वेळ मिळतो. २०१९ पासून अमेरिकेंतल्या वीजभट्ट्यांत अशा नळ्या प्रत्यक्ष ठेवून त्यांची परीक्षा सुरू झाली. या कल्हईलाही एक सीमा आहे. सुमारें १,३३० अंशांवर क्रोमियम व जिर्कोनियम एकमेकांत विरघळून दोघेही वितळूं लागतात, म्हणून लेपाचा आधार तेथपर्यंतच धरतां येतो.